भरल्या टाकीने दमणारे इंजिन

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आमची होडी गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी, वाळूच्या उथळ पट्ट्यावर जिथे लाटा फुटतात नेमक्या त्या जागी, इंजिन बंद पडून आडवी झाली. होडीवर माझे यजमान, धाकटे दीर आणि दोन खलाशी होते. दिरांनी प्रसंगावधान राखून नांगर टाकला, तो वाळूत धरला, आणि मागून येणाऱ्या एका होडीने दोर फेकून आमची होडी ओढत धक्क्यापर्यंत आणली, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. मी त्या वेळी घरी होते. यजमानांनी धक्क्यावरून फोन केला आणि एवढेच म्हणाले, “परत तेच झाले.”

त्या ‘परत’मध्ये अडीच महिने होते. ऑगस्टपासून हे इंजिन सात वेळा असेच बंद पडले होते, दोन मेकॅनिक हात लावून गेले होते, तिसऱ्याने पूर्ण इंजिन उघडण्याचा अंदाज दिला होता आणि तोवर आमचे एकतीस हजार रुपये खर्च झाले होते. शेवटी बिघाड सापडला तेव्हा तो काढायला तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा पुरला. त्या अडीच महिन्यांत आमचे काय चुकले आणि काय बरोबर ठरले, हे होडी बाळगणाऱ्या इतर घरांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमची होडी बत्तीस फुटी, फायबरची आहे. आत तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन, त्याला गिअरबॉक्स, आणि मागच्या बाजूला शंभर लिटरची पत्र्याची टाकी आहे. सासऱ्यांच्या काळी लाकडी होडी होती; ही त्यांच्या पश्चात घेतली. समुद्रावर पुरुष जातात आणि हिशेब मी ठेवते. गेली चौदा वर्षे मी एक वही लिहिते. त्यात तारीख, किती डिझेल भरले, इंजिन किती तास चालले, मासळी किती मिळाली, खलाशांना काय दिले, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीची एखादी नोंद असते. इंजिनाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जे कळते ते मेकॅनिकच्या शेजारी टॉर्च धरून उभे राहून आणि विचारून विचारून कळले आहे.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारीला बंदी असते. त्या काळात होडी वर ओढून आम्ही तिच्यावर झावळ्यांचा मांडव घालतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंजिनाचे ऑइल बदलले, दोन्ही डिझेल फिल्टर नवे घातले, तळाला रंग दिला. बंदी उठल्यावरही समुद्र खवळलेलाच होता, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या जवळच्या आणि थोड्या डिझेलवर झाल्या. त्यांत काहीच कळले नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा टाकी पूर्ण भरून होडी लांब गेली आणि पहिल्यांदा इंजिन बंद पडले.

लक्षण असे होते. पाऊण थ्रॉटलवर इंजिन छान चाले. अर्ध्या तासाच्या आसपास, कोणी तरी थ्रॉटल हळूहळू मागे ओढत असावे तसे इंजिनाचे फेरे उतरू लागत. खडखड नाही, धक्का नाही. आवाज फक्त बारीक होत जाई, दोन-तीन मिनिटांत इंजिन अडखळे आणि थांबे. पंधरा-वीस मिनिटे वाट पाहिली की सेल्फ मारल्यावर पुन्हा चालू होई, थोडा वेळ नीट चाले आणि पुन्हा तेच. तापमानाचा काटा जागेवर, ऑइलचे प्रेशर जागेवर.

पहिल्या मेकॅनिकला यजमानांनी सांगितले, “डिझेल बरोबर येत नाही, फिल्टर चोक झाला असेल.” त्याने महिनाभरही न झालेले फिल्टर बदलले, लाइनमधली हवा काढली, नदीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. इंजिन घड्याळासारखे चालले. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी होडी पुन्हा थांबली. दुसऱ्या मेकॅनिकला आम्ही सांगितले की फिल्टर झाले आहेत, आता नोझलकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाचेच काम असणार. त्याने नोझल आणि पंप उतरवून म्हापशाला कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेल नेमके सोडतात का ते तपासून जुळवायला, पाठवले. नोझल खरोखरच थोडे झिजलेले होते, त्यामुळे ते पैसे अगदी वाया गेले असे मी म्हणणार नाही. पंप परत बसवला, पुन्हा नदीत चाचणी झाली, पुन्हा सगळे उत्तम चालले आणि पुन्हा समुद्रावर इंजिन गप्प झाले.

या दोन्ही चाचण्या टाकीत वीस-बावीस लिटर डिझेल असताना झाल्या होत्या. हे मला फार उशिरा लक्षात आले, आणि आले तेव्हा रात्री वही पुढ्यात घेऊन बसले होते म्हणून आले.

त्याआधी मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. वहीवरून नजर फिरवताना मला दिसले की इंजिन बंद पडण्याचे बहुतेक दिवस डिझेल भरल्याच्या दुसऱ्या दिवशीचे आहेत. त्यावरून मी सरळ निष्कर्ष काढला की डिझेलच खराब आहे. आम्ही ज्या पंपावरून डिझेल आणतो तिथे जाऊन मी बोलले, आणि जरा जास्तच बोलले. घरी आल्यावर त्याच डिझेलचा नमुना काचेच्या पांढऱ्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवला. पाणी असते तर ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी वेगळे दिसले असते. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढतात, ते असते तर काळपट साय धरली असती. सकाळी बाटली तळापर्यंत स्वच्छ होती. दोन दिवसांनी मी पंपावर जाऊन माफी मागितली. माझी नोंद खरी होती. तिचा अर्थ मी चुकीचा लावला होता.

तिसरा मेकॅनिक म्हणाला की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेले असेल, पिस्टन-लायनर बघावे लागतील, हेड उतरवू. अंदाज पंच्याऐंशी हजारांचा, आणि होडी निदान तीन आठवडे उभी. हंगामाच्या ऐन भरात तीन आठवडे होडी बांधून ठेवायची म्हणजे खलाशी दुसरीकडे जाणार, आणि एकदा गेलेला चांगला खलाशी त्या हंगामात परत येत नाही. यजमान जवळजवळ तयार झाले होते. मी एवढेच म्हटले की इंजिन उघडण्याआधी निदान एका माणसाचे मत घेऊ, ज्याला हे काम मिळण्यात काही रस नाही. नदीच्या मुखावरचा तो प्रसंग याच बोलण्याच्या चार दिवसांनी घडला, आणि त्यानंतर आम्ही एक दिवसही वाट पाहिली नाही.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. ट्रॉलरच्या इंजिनांवर त्यांचे आयुष्य गेले. आता गुडघे धरतात म्हणून ते कामे घेत नाहीत. मी आणि दीर त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. दिरांनी बोलायला सुरुवात केली, “मिस्त्रीकाका, आमच्या पंपाचा...” त्यांनी हात वर केला.

“पंपाचे राहू दे. काय झाले ते सांग. कशामुळे झाले ते मी नंतर विचारेन.”

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. इंजिन थांबते तेव्हा आवाज आधी बदलतो की फेरे आधी उतरतात? धूर कोणत्या रंगाचा? वारा-लाट जास्त असते तेव्हाच होते की शांत पाण्यातही? थांबल्यावर हातपंपाने डिझेल चढवले तर ताबडतोब चालू होते की थांबावेच लागते? आणि शेवटी, “टाकीत किती असते तेव्हा?”

धुराच्या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. इंजिनावर ताण आला, म्हणजे पाण्याखालच्या पंख्यात जाळे किंवा दोर अडकला, तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव फार धरले, किंवा हवेचा फिल्टर कोंदला, तर डिझेल पूर्ण जळत नाही आणि काळा धूर येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे संशय जातो. पांढरा धूर थंड इंजिनात सकाळी थोडा वेळ आला तर काळजी नसते, पण गरम इंजिनातून येत राहिला तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी असू शकते. आमच्या इंजिनाचे फेरे उतरत तेव्हा धूर नसेच. उलट मागची नळी नेहमीपेक्षा स्वच्छ दिसे. हे दिरांनी सांगितले तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले, “मग ते आजारी नाही. उपाशी आहे.”

टाकीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी पिशवीतून वही काढली. आदल्या रात्री मी एका कागदावर उतरवून ठेवले होते. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असताना इंजिन पंचवीस ते चाळीस मिनिटांत थांबले होते, सहा वेळा. टाकीत पंचाहत्तर लिटरच्या आसपास असताना एकदा, दोन तासांहून अधिक वेळ चालल्यावर. निम्म्याच्या खाली असताना एकदाही नाही. मिस्त्रीकाकांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “वहिनी, उद्या सकाळी टाकी पूर्ण भरून ठेवा. एक स्वच्छ वीस लिटरचा कॅन आणा, दोन मीटर नवी नळी आणा. पान्हे माझे आहेत.”

दुसऱ्या दिवशी मीही होडीवर गेले. मिस्त्रीकाकांनी टाकीतले डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला येणारी नळी सोडवली आणि नव्या नळीने पंप थेट कॅनला जोडला. परतीची नळीसुद्धा कॅनमध्येच सोडली, कारण डिझेल इंजिन पंपाकडे आलेले सगळे डिझेल जाळत नाही, उरलेले परत पाठवते. ती नळी टाकीकडेच राहिली असती तर कॅन पाहता पाहता रिकामा झाला असता. कॅन दोरीने नीट बांधला, झाकण उघडे ठेवले, पाणी उडून आत जाऊ नये म्हणून तोंडावर स्वच्छ फडके टाकले. लाइनमधली हवा काढून इंजिन चालू केले आणि आम्ही मुखाच्या आतच, मोरजीच्या बाजूच्या शांत पाण्यात पाऊण थ्रॉटलवर फेऱ्या मारू लागलो. अर्धा तास झाला. तास झाला. दीड तास झाला. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही.

मला त्या दीड तासाचे मोल आजही वाटते. एका कॅनने इंजिनाची दोन भागांत वाटणी करून टाकली होती. फीड पंपापासून पुढचे जे जे काही होते, म्हणजे फिल्टर, पंप, नोझल, पिस्टन, गिअरबॉक्स, पंखा, ते सगळे एका चाचणीत निर्दोष ठरले. उरली ती टाकी आणि तिच्यापासून पंपापर्यंतची चार हात नळी. एकही सुटा भाग न बदलता, वीस लिटर डिझेल आणि दोन मीटर नळी एवढ्या सामानावर, पंच्याऐंशी हजारांचा अंदाज रद्द झाला होता.

मग काकांनी नळ्या पुन्हा टाकीला जोडल्या आणि म्हणाले, आता बिघाड व्हायची वाट बघू. मेकॅनिक बिघाड होण्याची वाट पाहतो हे मी पहिल्यांदा पाहत होते. आम्ही अठ्ठावीस मिनिटे फिरलो. फेरे उतरायला लागले तसे दीर सवयीने हातपंपाकडे वळले. काकांनी त्यांना थांबवले. मला म्हणाले, “वहिनी, टाकीच्या कुशीवर हात ठेवा.” मी ठेवला. पत्रा आत खेचला गेला होता, हाताला खळगा लागत होता. त्यांनी टाकीचे झाकण हळूच फिरवले. सुस्स करून हवा आत शिरली, माझ्या तळव्याखाली पत्रा टण्ण करून बाहेर आला, आणि मिनिटाभरात इंजिनाने पूर्वीचा आवाज धरला.

टाकीला हवा घेण्यासाठी एक बारीक नळी असते. आमच्या होडीवर ती काठाला, छत्रीच्या मुठीसारखी वळवलेली आहे. तिच्या तोंडाशी पितळी जाळी असते. ती केव्हा तरी झिजून पडली होती आणि आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. दोन महिने होडी झावळ्यांखाली कोरड्यात उभी असताना कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचे घर बांधले होते. काकांनी तांब्याची तार घालून ते उकरले. दोन बोटांएवढा, विटेसारखा कडक झालेला गोळा निघाला, आणि त्याच्या आत माशीचे रिकामे कोश होते.

आता वहीतले आकडे वाचता आले. टाकी शंभर लिटरची; गळ्यापर्यंत भरली तरी वर सुमारे पाच लिटर हवा राहते. पाऊण थ्रॉटलवर इंजिन ताशी सहा लिटर डिझेल खाते. अर्ध्या तासात तीन लिटर गेले आणि बाहेरची हवा आत आली नाही, तर तीच पाच लिटर हवा आठ लिटर जागेत ताणली जाते आणि तिचा दाब पाच-अष्टमांशावर येतो. एवढ्या ओढीविरुद्ध आमचा जुना फीड पंप डिझेल खेचू शकत नव्हता. टाकीत पंचाहत्तर लिटर असेल तर वर पंचवीस लिटर हवा असते; दाब तेवढाच उतरायला पंधरा लिटर डिझेल जावे लागते, म्हणजे अडीच तास. टाकी निम्मी असेल तर तीस लिटर, म्हणजे पाच तास सलग इंजिन. तेवढे आम्ही एका फेरीत चालवतच नाही. इंजिन थांबल्यावर झाकणाच्या जुन्या रबरातून थोडी थोडी हवा झिरपे, म्हणून वाट पाहिली की ते चालू होई. म्हापशाच्या कॅलिब्रेशनपासून डिझेल पंपावरच्या माझ्या बोलण्यापर्यंत सगळ्या घोटाळ्याचे मूळ हे होते, आणि ते पाच-सहा आठवडे माझ्याच अक्षरात वहीत पडून होते.

पहिले दोन मेकॅनिक वाईट नव्हते. त्यातल्या एकाकडे आम्ही आजही जातो. पण आम्ही त्यांना बिघाड सांगितलाच नाही, आम्ही निदान सांगितले. माणूस मेकॅनिककडे जाऊन “फिल्टर चोक आहे” म्हणतो तेव्हा मेकॅनिक फिल्टर बदलतो. त्याने तसे केले नाही तर गिऱ्हाईकच म्हणते की याला काम नको आहे. शिवाय चाचणी कोणत्या स्थितीत घ्यायची हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. भरल्या टाकीने बंद पडणारे इंजिन रिकाम्या टाकीने चालवून दाखवले तर ते चालणारच. बिघाड ज्या स्थितीत होतो ती स्थिती मेकॅनिकपुढे उभी करणे हे होडीवाल्याचे काम आहे, कारण ती स्थिती फक्त त्यानेच पाहिलेली असते.

याच्या उलट अनुभव दोन वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी इंजिन गरम होत होते, तेही फक्त पूर्ण थ्रॉटलवर. हळू चालवले तर काटा खाली येई. पहिल्या मेकॅनिकने समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर काढला. त्याच्या सहा पात्यांपैकी दोन तुटलेली होती. नवा इंपेलर घातला, पैसे घेतले, गेला. आठवड्याने पुन्हा काटा चढला. मग एक तरुण मेकॅनिक आला. त्याने आधी विचारले, “जुना इंपेलर ठेवला आहे का?” सुदैवाने ठेवला होता. तो हातात घेऊन म्हणाला, “दोन पाती इथे नाहीत, तर ती कुठे तरी असणार.” त्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरचे झाकण उघडले. नळ्यांच्या तोंडाशी काळ्या रबराचे तीन तुकडे आडवे बसले होते, आणि त्यांच्यामागे नदीचा गाळ आणि प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी अडकली होती. त्याने तुकडे फळीवर मांडून जुन्या इंपेलरला लावून पाहिले, दीडच पाते भरले, आणि राहिलेला अर्धा तुकडा पुढच्या नळीच्या कोपऱ्यात सापडेपर्यंत त्याने झाकण लावले नाही. त्या दिवसापासून काढलेला प्रत्येक जुना भाग आम्ही मागून घेतो आणि हंगाम संपेपर्यंत एका डब्यात ठेवतो. मेकॅनिकवर अविश्वास म्हणून नव्हे; त्या भागावर पुढच्या बिघाडाचा पत्ता लिहिलेला असू शकतो.

विजेच्या बाबतीत मला फारसे कळत नाही, पण एक साधा मीटर घरात ठेवावा असे सांगेन. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उभ्या इंजिनात साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास जाते. सेल्फ ओढत नाही म्हणून नवा सेल्फ घेण्याआधी जाड वायरींची टोके काढून घासावीत. खाऱ्या हवेत ती आतून हिरवी पडतात आणि बाहेरून ठीक दिसतात.

पैशांविषयी मात्र मनापासून लिहायचे आहे. तार फिरवून झाल्यावर मिस्त्रीकाकांनी पाचशे रुपये मागितले. दीर सहज म्हणून गेले, “काका, नुसती नळीच तर साफ केली.” मला ते फार लागले. नोझलचे हजारो रुपये आम्ही बिल पाहून मुकाट्याने दिले होते, कारण हातात वस्तू मिळाली होती. ज्या माणसाने आमचे पंच्याऐंशी हजार आणि हंगाम वाचवला, आणि खरे तर होडीवरच्या चार माणसांचा जीव धोक्यातून काढला, त्याला पाचशे देताना हात आखडावा हे बरोबर नाही. आम्ही दीड दिवसाच्या पूर्ण मजुरीच्या दुप्पट पैसे त्यांच्या घरी नेऊन दिले. दिरांनी स्वतः दिले. बिघाड शोधण्याचा वेळ हे वेगळे काम आहे, त्याची मजुरी वेगळी ठरवून द्यावी, आणि ती देण्याची तयारी मेकॅनिकला सुरुवातीलाच सांगावी, असे आता आम्ही करतो. भाग बदलला तरच पैसे मिळणार असतील तर मेकॅनिक भागच बदलेल, आणि त्याबद्दल त्याला एकट्याला दोष देता येणार नाही.

तसेच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेकॅनिकला बोलावू नये. धक्क्यावरच्या साऱ्या होड्यांना त्याच आठवड्यात पाण्यात उतरायचे असते. त्याला जेवायला वेळ नसतो, तर विचार करायला कुठून मिळणार? मोठे काम जूनमध्येच द्यावे, पाऊस असला तरी. येण्याआधी होडीच्या तळातले पाणी उपसून ठेवावे, इंजिनाभोवतीची जाळी आणि दोर हलवावेत, उजेडाची सोय करावी. पूर्वी मी मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक नटबोल्टला प्रश्न विचारायची. आता काम सुरू होण्याआधी लक्षणांचा कागद त्याच्या हातात देते, काय काय करायचे आणि किती खर्चाच्या पुढे गेले तर आधी विचारायचे हे त्याच कागदावर लिहून घेते, आणि मग बाजूला होते. एका मेकॅनिकला हे आवडले नाही, “वहिनी, कागद कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?” असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले की कागद माझ्यासाठी आहे, कारण समुद्रावर मी नसते आणि घरचे सांगताना विसरतात. त्याने तो खिशात घातला. काम झाल्यावर स्वतःच्या हाताने त्यावर बदललेल्या फिल्टरचा नंबर लिहून परत दिला.

या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस होडी वर ओढली तेव्हा हवेच्या नळीला नवी पितळी जाळी बसवली, वरून मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने गुंडाळला, आणि पाण्यात उतरण्याआधी तो काढायची आठवण वहीच्या नव्या पानावर सर्वात वर लिहून ठेवली आहे. कुंभारीण माशीने या खेपेला झावळ्यांच्या मांडवाच्या वाशावर घर केले आहे. दिरांनी ते काढले नाही.